मिठाला जागणारी चांदी

हरिहरेश्वरला गेले की परतताना मी बाटलीभर समुद्र घेऊन येते. बाटली काचेची, घट्ट बुचाची, घरून निघताना ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा विसळलेली. देवळाजवळ ओहोटीची वेळ विचारून घ्यायची, पायऱ्या चढायच्या, मग कातळाच्या दोन उभ्या भिंतींमधून खाली उतरायचं, की समोर एकदम पाणीच. भरतीला ही प्रदक्षिणा करायची नसते, लाट कातळावर चढून माणसाला ओढून नेते. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि वाट देतो. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला पाणी. डोंगराच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली आहेत. लहानपणी मला वाटे, हे कुणीतरी बसून कोरलं असणार. पुढे कळलं, कोरणारं मीठ आहे. खारं पाणी कातळाच्या बारीक भेगांत शिरतं, उन्हाने वाळतं, आत मिठाचे कण वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटा करतात. हजारो वर्षं चाललेलं हे काम आजही थांबलेलं नाही.

अशा एका खळग्याशी बसून मी बाटली बुडवते. पहिलं पाणी ओतून देते, त्याच पाण्याने बाटली पुन्हा विसळते आणि मग गळ्यापर्यंत भरते. वर चिठ्ठी: तारीख, वेळ, ओहोटी. तेहतीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्या सगळ्या वर्षांत ही बाटली मुलांसाठी होती. आता निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. ओळखीच्या प्रयोगशाळेत जाऊन मी अजूनही त्या पाण्याचा खारटपणा मोजते. आणि तो मोजते चांदीने.

पुस्तकात त्याला अनुमापन म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे टायट्रेशनच म्हणतात. समुद्राचं थोडं पाणी मोजून घ्यायचं, त्यात पोटॅशियम क्रोमेटचे पिवळे थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. सिल्व्हर नायट्रेट म्हणजे पाण्यात विरघळलेली चांदी. दिसायला साधं पाणीच, पण बोटाला लागलं तर उजेडात काळा डाग पडतो आणि कातडी बदलेपर्यंत जात नाही. त्याचा थेंब खाऱ्या पाण्यात पडला की दह्याच्या कवडीसारखा पांढरा साका धरतो. चांदीला मिठातलं क्लोराइड भेटलेलं असतं आणि दोघं मिळून तळाशी बसतात. थेंब पडतो तिथे क्षणभर तांबूस ठिपका दिसतो, फ्लास्क हलवला की विरतो. सगळं क्लोराइड संपलं की पुढच्या थेंबाची चांदी क्रोमेटकडे वळते, आणि तो तांबूसपणा मग जात नाही. तिथेच थांबायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कार्ल फ्रीडरिश मोर या जर्मन रसायनज्ञाने ही युक्ती दिली. डेन्मार्कच्या मार्टिन क्नूडसेन यांनी १९०१ मध्ये तिच्यावर बेतलेले तक्ते छापले आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या समुद्रांचा खारटपणा चांदीच्या थेंबांनी मोजला गेला. पुढे पाण्यातून वीज किती वाहते यावरून खारटपणा सांगणारी यंत्रं आली. आपल्याकडे १ जानेवारी १९६६ रोजी गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, तो काळ या दोन पद्धतींच्या सांध्यावरचा.

त्या जुन्या पद्धतीतला एक रिवाज मला फार आवडतो. कोपनहेगनहून काचेच्या बंद नळ्यांत भरलेलं प्रमाण समुद्रजल येई, त्याचा खारटपणा आधीच नक्की केलेला असे. दिवसाच्या मोजणीला बसताना पहिल्यांदा ते मोजायचं, मग आपले नमुने, आणि सगळं आटोपल्यावर पुन्हा एकदा तेच प्रमाणजल. दोन्ही वेळचा आकडा जुळला तरच मधले आकडे खरे.

हिशेब सांगते. खुल्या समुद्राच्या हजार भाग पाण्यात साधारण ३५ भाग क्षार असतात. हरिहरेश्वरला पावसाळ्यात हा आकडा उतरतो, कारण महाबळेश्वराहून निघालेली सावित्री इथेच बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि आपलं गोडं पाणी त्यात ओतते. तरी कोरड्या दिवसांतल्या माझ्या लिटरभर पाण्यात एवढं क्लोराइड असतं की ते सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे पाच तोळ्यांहून थोडी जास्तच चांदी पांढरी करून खाली बसवेल. तीर्थावर ओंजळ भरून घेतलेलं पाणी अर्धा तोळा चांदीला पुरून उरेल. ज्या पाण्याकडे आपण खारट म्हणून पाहतही नाही, त्याच्या ओंजळीत चांदीचं माप असतं.

आणि हे नातं दोन्ही बाजूंनी चालतं. चांदीने मीठ मोजता येतं, तशी मिठाने चांदीही मोजता येते. माझ्या घरात हे मला फार जवळून पाहायला मिळालं, म्हणून तर आज लिहायला बसले.

माझं आजोळ हरिहरेश्वरचं. आजोबा परळच्या गिरणीत होते. पावसाळ्यात बोटी बंद असत, नारळी पुनवेनंतर दर्या शांत झाला की सुरू होत. माझी आई १९४१ च्या श्रावणात जन्मली आणि आजोबांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते दिवाळीत. येताना त्यांनी लेकीच्या वाळ्यांसाठी सहा रुपये वेगळे बांधून आणले होते. चांदीचे रुपये. पगाराच्या दिवशी हातात आलेल्या रुपयांतून त्यांनी जुने, झिजलेले, काळवंडलेले बाजूला काढले आणि नवे कोरे, चकचकीत तेवढे निवडून ठेवले. जुने खर्चाला, नवे लेकीच्या पायांना. ही गोष्ट आजी नेहमी सांगायची. नवऱ्याच्या मायेचा हाच एक पुरावा तिच्यापाशी होता.

सोनार श्रीवर्धनला होता. तेव्हा तो मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या राज्यात, लोक त्याला हबसाण म्हणत. आजी-आजोबा बाळाला घेऊन गेले. सोनाराने आजीच्या देखत ते सहाही रुपये मुशीत घातले, फुंकणी हातात घेतली. तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि आजी त्याला पाजायला आतल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा रस ओतून झाला होता. चार दिवसांनी वाळे मिळाले. मजुरीतले आठ आणे शिमग्याला द्यायचे ठरले.

वर्ष संपायच्या आत वाळे बदलले. जिथे घासले जात तिथून तांबूस पिवळी झाक वर आली. आजोबांनी त्यातला एक मुंबईला नेऊन सराफाला दाखवला. त्याने कसोटीवर घासून सांगितलं, चांदी निम्मीच आहे. ज्या बंद्या रुपयावर आपल्या आज्या-पणज्यांचा जीव, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. सहा रुपयांत साडेपाच तोळे. ती निम्म्यावर कशी आली? आजीला उत्तर शोधावं लागलंच नाही. ती बाळाला पाजायला आत गेली, तेवढ्या वेळात जे व्हायचं ते झालं. शिमग्याचे आठ आणे तिने दिले नाहीत. सोनार एकदा घरी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, रुपयांतच होतं ते. मी माझं काही घातलं नाही." आजीने दारातूनच विचारलं, "सरकारचा रुपया खोटा, आणि तुम्ही खरे?"

त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. तो निघून गेला. गोष्ट गावभर झाली. एका कुटुंबातून दुसऱ्यात, एका लग्नातून दुसऱ्या लग्नात ती पोचली. आमच्या आळीतलं कुणी नंतर त्या पेढीची पायरी चढलं नाही. लहानपणी श्रीवर्धनच्या बाजारातून जाताना आई मला हलकेच म्हणे, "तो बघ, वाळेवाला." मी वळून पाहत असे. एक वाकलेला म्हातारा, समोर ऐरण, हातात चिमटा.

१९८२ मध्ये मी मुंबईत एम.एस्सी. करत होते आणि आमच्या प्रयोगांत चांदीच्या मिश्रधातूतली चांदी ठरवायचा प्रयोग होता. मी आईला विचारून एका वाळ्याच्या टोकाचा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तुकडा कापून घेतला. मनात होतं, की सोनाराने नक्की किती खाल्लं याचा आकडा काढू. खरं सांगायचं तर मी पुरावा शोधायला नव्हे, गुन्हा मोजायला बसले होते.

आमच्या बाई फार कडक. मी तुकडा तोलायला निघाले तर म्हणाल्या, "आधी सांग, ज्याने मोजणार आहेस ते मोजलंयस का?" फोलहार्डच्या पद्धतीत चांदी थायोसायनेटने मोजतात. याकोब फोलहार्ड या जर्मन रसायनज्ञाने १८७४ मध्ये ती दिली. पण थायोसायनेट हवेतली ओल धरतं, त्याच्या वजनावर विसंबता येत नाही. म्हणून त्याला सिल्व्हर नायट्रेटने पारखायचं. सिल्व्हर नायट्रेट उजेडाने बिघडतं, म्हणून त्याला कशाने पारखायचं? मिठाने. शुद्ध मीठ भट्टीत कोरडं करून, निववून, तोलून घेतलं की ते होतं तेवढंच राहतं. ना हवेने बदलत, ना उजेडाने. सगळ्या साखळीचं पहिलं कडं मीठ. दोन दिवस मी फक्त पारखण्याला पारखत होते. मिठाने चांदी, चांदीने थायोसायनेट. तिसऱ्या दिवशी बाईंनी आईच्या वाळ्याला हात लावू दिला.

तुकडा भरला ०.४१२ ग्रॅम. फ्लास्कमध्ये त्यावर नायट्रिक ॲसिड घातलं, मंद आच दिली. तुकड्याभोवती बुडबुडे धरले, तपकिरी धूर वर आला आणि बघता बघता तो तुकडा नाहीसा झाला. मागे राहिलं निळसर हिरवं पाणी. ज्या वाळ्यांच्या आवाजावर आई चालायला शिकली, त्याचा एवढासा भाग आता द्रव होता आणि त्यातली चांदी कुठेच दिसत नव्हती. निळाई तांब्याची. चांदी विरघळली की तिला रंग नसतो. चांदी आहे, पुरती आहे, पण डोळ्यांना तिचं अस्तित्व नाही. तिला बोलकं करणारं कुणीतरी लागतं.

धूर पुरता जाईपर्यंत उकळलं, निववलं, शंभर मिलिलिटरपर्यंत पाणी घातलं. त्यातले पंचवीस पिपेटने घेतले. इथे नळाच्या पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही, त्यातल्या मिठाने लगेच दुधाळ होतं. फेरिक तुरटीचं द्रावण घातलं आणि ब्युरेटची तोटी सोडली. हिशेब मी आधीच करून ठेवला होता. रुपये अस्सल असते आणि सोनार खरा असता, तर साडेसतरा मिलिलिटर लागायला हवे होते.

थेंब पडायला लागले. प्रत्येक थेंबाभोवती विटकरी रंगाचा ढग, मनगट फिरवलं की तो विरे. पांढरा साका दाट होत गेला. चार, सहा, आठ. नवाच्या पुढे ढग विरायला वेळ लागू लागला. आता एकेक थेंब, मग अर्धा थेंब, ब्युरेटच्या टोकाला लटकलेला, काचेच्या कडेला टेकवून धुऊन घेतलेला. ९.७ ला तांबूस झाक आली आणि राहिली. फ्लास्क हलवला, राहिली. पांढऱ्या टाइलवर ठेवून मिनिटभर पाहिलं, राहिली. पुन्हा पंचवीस घेतले, पुन्हा ९.७. तिसऱ्यांदाही तेवढेच. चांदी ५०.८ टक्के.

सराफ बरोबर होता. निम्मीच. मी वही बाईंपुढे ठेवली आणि सगळी गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "उरलेल्यात तांबंच आहे म्हणतेस. बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. चाळीस वर्षांत कुणीच बघितलं नव्हतं. चोरीत किती गेलं ते सगळ्यांनी मोजलं, उरलेलं काय आहे ते कुणी विचारलं नव्हतं. मी उरलेल्या द्रावणातली चांदी आणि तांबं बाजूला काढलं, अमोनिया घातला आणि डायमिथाइल ग्लायॉक्झिमचे थेंब सोडले. पांढऱ्या टाइलवरच्या त्या पाण्यात कुंकवाला पाणी लागावं तसा गुलाबी-तांबडा साका उमलला. निकेल.

श्रीवर्धनच्या सोनाराला १९४१ मध्ये चांदीत भेसळ करायची असती तर त्याच्या हाताशी तांबं होतं. निकेल तो कुठून आणणार, कशाला घालणार, कसं वितळवणार? निकेल सोनाराच्या मुशीत पडत नाही. ते टांकसाळीत पडतं.

बाईंनी मला ग्रंथालयात पाठवलं आणि तिथे ते सगळं छापून ठेवलेलं होतं. १८३५ च्या कायद्याने ठरलेला रुपया १८० ग्रेनचा, अकरा बारांश चांदीचा. एकशे पाच वर्षं तो तसाच राहिला. महायुद्ध सुरू झालं, लोक चांदी दाबून ठेवू लागले, आणि १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. नव्या रुपयात चार धातू: ५० भाग चांदी, ४० भाग तांबं, ५ निकेल आणि ५ जस्त. आकार तोच, वजन तेच, राजाचं डोकं तेच. माझा आकडा पन्नासाच्या किंचित वर का गेला तेही उमगलं. मुशीत जस्त थोडं धूर होऊन उडून जातं, मागे उरलेल्यात चांदीचा वाटा तेवढाच वाढतो. पुढे १९४७ मध्ये रुपयातून चांदी पूर्णच गेली आणि तो निकेलचा झाला. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी फेडायची होती, म्हणून स्वातंत्र्यानंतर कलकत्त्यात अलिपूरला कारखाना उभारून याच चार धातूंच्या नाण्यांतून चांदी परत वेगळी काढली गेली. सगळ्या देशाने जे सोसलं त्यातले सहा रुपये आमच्या घरी वाळे होऊन आले होते.

ग्रंथालयातून बाहेर पडताना मला आजोबा दिसत राहिले. पगाराच्या रांगेतून बाजूला होऊन, ओल्या बोटांनी रुपये चाळणारे. लेकीसाठी नवे निवडणारे. त्यांनी जुने, काळे, झिजके रुपये आणले असते तर वाळे आयुष्यभर पांढरे राहिले असते. चकाकीने त्यांना फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हातात होतं त्यातलं सगळ्यात देखणं त्यांनी लेकीला दिलं, आणि नाण्याचा शब्द खरा धरला. नाणं चालतं तेच मुळी शब्दावर.

पुढे शिकवायला लागल्यावर मला कळलं, की पारखण्याच्या पद्धतीनेच खऱ्याला खोटं ठरवण्याची ही गोष्ट जुनी आहे. शतकानुशतकं चांदी आगीने पारखली जात होती. हाडांच्या राखेच्या वाटीत शिसं घालून चांदी तापवायची, हिणकस धातू वाटीत शोषले जायचे आणि चांदीचा मणी उरायचा. पण थोडी चांदीही वाटी पिऊन टाकी. त्यामुळे चांदी असे त्याहून काही सहस्रांश कमीच भरे, आणि टांकसाळीला अस्सल चांदी विकणाऱ्याला आपल्या मालाचा पुरता दाम मिळत नसे. पॅरिसच्या टांकसाळीसाठी जोझेफ लुई गे-ल्युसॅक यांनी यावर उपाय काढला आणि १८३२ मध्ये तो छापून दिला. आग सोडली, पाणी धरलं. चांदी ॲसिडात विरघळवायची आणि मोजलेलं मिठाचं पाणी सोडायचं. त्यांचं मिठाचं पाणी असं बांधलेलं होतं, की १०० मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम शुद्ध चांदी पुरी बसावी. त्यासाठी लिटरमागे लागे साडेपाच ग्रॅमहूनही थोडं कमी मीठ. बाटली जोराने हलवायची, पांढरा साका एकत्र होऊन पाणी नितळ झालं की अगदी पातळ मिठाचा थेंब टाकून पाहायचा. ढग उमटला तर अजून चांदी आहे. उमटला नाही तर झालं. आजही हॉलमार्कच्या प्रयोगशाळांत चांदी अशीच विरघळवून टायट्रेशनने मोजतात, शेवटचा क्षण फक्त डोळ्याऐवजी विजेचं यंत्र दाखवतं.

आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, टंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत, जिथे घराघरांत पैंजणं घडतात, तो दिवसभर कानांवर पडतो. किती टंचाची? सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभरच्या गावांत जाऊन राहिली आहेत. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात चांदी विरघळवायची, सोनं मागे ठेवायचं आणि मग त्या पाण्यात मीठ किंवा तांब्याचा पत्रा घालून दिसत नसलेली चांदी परत बोलवायची, हा त्यांचा पिढ्यांचा हातखंडा. रोज सकाळी भट्टी पेटवणाऱ्या या माणसांना मिठाचं मोल मी काय सांगणार?

मराठीत आपण म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावं. चांदी जागते. मिठाशी तिचं नातं इतकं पक्कं, की लिटरभर पाण्यात त्या पांढऱ्या साक्याचे जेमतेम दोन मिलिग्रॅम विरघळतात, बाकी सगळा साका खाली बसून राहतो. तांबं असो, जस्त असो, निकेल असो, मीठ त्यांना हाक मारत नाही आणि तीही मिठाकडे वळत नाहीत. गर्दीतून चांदी तेवढी ओळखून बाहेर येते. महागाचा खरेपणा स्वस्ताने सिद्ध होतो. पण त्या स्वस्तानेही आधी स्वतःला तोलून घेतलेलं असावं लागतं. आमच्या घरात चाळीस वर्षं एक माणूस मोजला गेला, आणि ज्याने मोजला ते माप, तो राजाच्या डोक्याचा रुपया, मोजावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. सोनाराने सांगितलं होतं. पण त्याच्याकडे बोटांची ओळख होती, आकडा नव्हता.

मे महिन्याच्या सुट्टीत मी हरिहरेश्वरला गेले. रात्री जेवणं झाल्यावर पडवीत आजीला सगळं सांगितलं. निकेल हा शब्द तिला नवा होता. मी सांगितलं, तो धातू सोनाराकडे नसतो, सरकारकडे असतो. रुपयांतच होतं, आजी. तिने कनवटीचा चष्मा काढून वाळा हातात घेतला, मी कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाय माझे, म्हणजे मी पाजायला आत गेले, तेव्हा तिथे काहीच झालं नाही?"

"काहीच नाही."

"काहीच नाही," ती म्हणाली. बराच वेळ समुद्राचा आवाज येत राहिला.

सकाळी ती माझ्या आधी उठली होती. नऊवारी नेसून तयार. आधी काळभैरवाला जाऊन आली. मग म्हणाली, चल. आम्ही एसटीने श्रीवर्धनला गेलो. पेढी तिथेच होती, ऐरण तीच, पण मागे मुलगा बसला होता. म्हातारा सहा वर्षांपूर्वी गेला होता. हे कळल्यावर आजी पायरीवर थबकली. मला वाटलं, ती परत फिरेल. ती आत गेली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्या देखत, उभ्याउभ्याच, तिने आपलं नाव-गाव सांगितलं आणि म्हणाली, "तुमचे वडील खरं बोलले होते. मी त्यांना खोटं पाडलं. रुपयांतच होतं ते. माझ्या नातीने मोजून बघितलंय."

मुलाने काही विचारलं नाही. वाळ्यांची गोष्ट त्याच्या घरातही असणारच, तिकडच्या बाजूने ऐकलेली. आजीने कनवटीची पिशवी सोडली आणि आठ आणे काढले, पन्नास पैशांचं नाणं. "मजुरीतले राहिले होते. शिमग्याला द्यायचे होते."

मला भीती वाटत होती, की तो म्हणेल, अहो राहू दे, आता काय त्याचं. आपली माणसं अशा वेळी भलेपणाने असंच म्हणतात. तो तसं म्हणाला नाही. त्याने दोन्ही हात पुढे केले, नाणं घेतलं, कपाळाला लावलं आणि गल्ल्यात न टाकता वडिलांच्या तसबिरीखाली ठेवलं. मग वाळे मागून घेतले, रिठ्याच्या पाण्यात बुडवले, मऊ ब्रशने घासले, पुसले आणि आजीच्या हातात दिले. तांबूस झाक थोडी मागे हटली होती. माझ्या कात्रीने टोचरं झालेलं टोकही त्याने कानसीने गोल करून दिलं होतं.

आज ते वाळे माझ्याकडे आहेत. एक थोडा आखूड आहे.

त्या दिवशी परतलो तेव्हा ऊन कललं होतं. एसटीतून उतरल्यावर मी घराकडे वळले, पण आजी देवळाकडे चालू लागली. हरिहरेश्वरला दर्शनाचा एक क्रम आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, आणि निघताना पुन्हा काळभैरव. मी म्हटलं, "आजी, सकाळी जाऊन आलीस ना?"

"सकाळी सांगून गेले होते, कुठे चालले ते," ती म्हणाली. "आता झालं ते सांगायला नको?"

मी तिच्या मागोमाग गेले. गाभाऱ्याशी ती हात जोडून उभी राहिली, सकाळी राहिली असेल तेवढाच वेळ. पलीकडे भरती चढत होती आणि प्रदक्षिणेची वाट हळूहळू पाण्याखाली जात होती.